शेजारच्या काकूंना गॅस-वीज तोडायची नोटीस आलीये. न्यू जर्सीत ऐन थंडीत खरंच तोडतात का?

वरचा_मजला
रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या घरचा नाही, पण घरचाच समजा.

आम्ही इझलिनला एका जुन्या दोन मजली घरात भाड्याने राहतो. वर मी आणि बायको, खाली एक मराठी काकू. काका ऑगस्टमध्ये गेले. वेअरहाउसची रात्रपाळी करून आले, झोपले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नाही. काकू ५८ वर्षांच्या, ग्रीनकार्डवर आहेत. फरसाणाच्या दुकानात पॅकिंगला जातात, आठवड्याचे २४ तास मिळतात. भाडं कसंबसं निघतं.

काल रात्री चुकून आमच्याकडे आलेलं त्यांचं पत्र द्यायला खाली गेलो. काकू स्वेटरवर काकांचं जाड जॅकेट घालून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. गॅसचा ओव्हन चालू, त्याचं दार उघडं आणि समोर खुर्ची. थर्मोस्टॅट, म्हणजे घर तापवणारा फर्नेस किती तापमानावर चालवायचा ते बटण, पाहिला तर ५५ फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम १३ सेल्सिअस. विचारलं तर म्हणाल्या, "फर्नेस लागला की बिल येतं रे. ओव्हनला फार जात नाही." बराच वेळ आढेवेढे घेतले, मग पिठाच्या डब्याखालून एक कागद काढून दाखवला. गॅस आणि वीज एकाच कंपनीची आहे. थकबाकी १२६८ डॉलर. ३ डिसेंबरपर्यंत भरा, नाहीतर दोन्ही बंद करू. खातं काकांच्या नावावर आहे.

आम्ही दोघं भरायला तयार आहोत, पण त्या एक डॉलर घेणार नाहीत हे मला ठाऊक आहे. काकांच्या दिवसांच्या वेळी कुणी दिलेलं पाकीटसुद्धा त्यांनी परत केलं होतं.

इथे हिवाळ्यात तोडत नाहीत असं ऑफिसात ऐकलंय. ते खरं आहे का? काकू कुठलीही सरकारी मदत घेत नाहीत, मग त्यांना ते लागू होईल का? आणि त्यांची मोठी भीती वेगळीच आहे. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, "मदत मागितली तर तिथे नाव खराब होईल" म्हणतात. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. ३ तारखेला फार दिवस उरले नाहीत.

राहुट_पर्थअंबॉय
रविवार, २३ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

कायदा आहे. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च न्यू जर्सीत कुणाचंही तोडता येत नाही. काकूंना सांगा, तो कागद बाजूला ठेवा आणि मार्चपर्यंत बिलाचं टेन्शन घेऊ नका. तोवर जमेल काहीतरी.

कोयनाकाठ
रविवार, २३ नोव्हेंबर, दुपारी २:४०

वरचा मजला, आधी खाली जाऊन तो ओव्हन बंद करा. बाकीचं नंतर वाचा. बंद घरात गॅसचा ओव्हन उघडा ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, धूर नसतो, माणसाचं डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते. घरात त्याचा अलार्म असेल तर बटण दाबून वाजतोय का बघा. नसेल तर आजच आणा. आणि आजची रात्र थर्मोस्टॅट ६५ वर ठेवायला लावा. एका रात्रीने बिलात पडेल तो फरक पडू दे.

आता कायद्याचं. राहुट यांनी तारखा बरोबर दिल्यात, पण "कुणाचंही तोडता येत नाही" हे बरोबर नाही, आणि "कागद बाजूला ठेवा" हे तर अजिबात करू नका. मी हे विधवा म्हणून भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मिस्टर ऑक्टोबर २०१८ मध्ये गेले. तेव्हा आम्ही पार्सिपनीला होतो. दीड वर्षाचं आजारपण, त्यात साठवलेलं सगळं संपलं. ९४० डॉलर थकले होते. मला वाटायचं, सरकार काही इतकं निर्दय नसेल, थंडीत कोण तोडणार? नोटीस आली ती मी देवघराच्या खणात ठेवून दिली. काकूंनी पिठाच्या डब्याखाली ठेवली ना, तसंच. बाईमाणूस कागद कुठे लपवतं हे मला सांगायला नको.

इथे जे आहे त्याचं नाव विंटर टर्मिनेशन प्रोग्रॅम. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात *पात्र* घराची गॅस आणि वीज पैसे थकले म्हणून तोडता येत नाही. पात्र कोण? लाइफलाइन (वयस्क आणि अपंगांना बिलासाठी राज्याची मदत) मिळणारे, घर तापवायची सरकारी मदत किंवा युनिव्हर्सल सर्व्हिस फंड (कमी उत्पन्नवाल्यांना गॅस-विजेच्या बिलात सूट) मिळणारे, एसएसआय (गरीब वयस्क आणि अपंगांना केंद्राचं मासिक साहाय्य) मिळणारे, वयस्कांच्या औषधांच्या योजनेतले, रोख मदत घेणारे, वगैरे. कंपनीचा माणूस फोनवर हीच यादी वाचतो आणि आपण यातल्या कशातच नसलो की "सॉरी" म्हणतो. काकूंचंही तेच होईल बघा.

पण यादी तिथे संपत नाही. शेवटचं कलम असं आहे की आपल्या हाताबाहेरच्या कारणाने ज्यांना बिल भरता येत नाही तेही पात्र. आणि ती कारणं नियमात उदाहरणादाखल लिहिलेली आहेत: बेकारी, आजारपण, औषधोपचाराचा खर्च, आणि जोडीदाराचा नुकताच झालेला मृत्यू. मला हे वाचून दाखवलं ते आमच्या वाचनालयातल्या एका वयस्क बाईंनी. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. आपलं दुःख कुणीतरी आधीच कायद्यात लिहून ठेवलंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर काकूंचा दावा या कलमाखाली आहे. त्यांना कुठलीही मदत आधीपासून मिळत असायची गरज नाही.

पण हे आपोआप होत नाही. कंपनीला सांगावं लागतं. कंपनीच्या कॉम्प्युटरला काका गेलेत हे माहीत नाही, त्याच्या दृष्टीने एका माणसाने चार महिने बिल भरलेलं नाही एवढंच आहे. मी पहिले तीन फोन केले त्यात नुसतं "माझ्याकडे पैसे नाहीत, थोडी मुदत द्या" म्हणत राहिले. तिन्ही वेळा समोरून एकच प्रश्न, "आज किती भरू शकता?" चौथ्या फोनला नेमके शब्द वापरले तेव्हा संभाषण बदललं. म्हणून ते शब्द देते. मी ते पाकिटाच्या मागे देवनागरीत लिहून समोर धरले होते, कारण नवऱ्याचं नाव घेताना आवाज फुटला की माझं इंग्रजी जातं:

"माय हजबंड पास्ड अवे इन ऑगस्ट. अवर इन्कम हॅज गॉन डाउन. आय अ‍ॅम आस्किंग फॉर विंटर टर्मिनेशन प्रोटेक्शन. प्लीज नोट इट ऑन द अकाउंट."

काकूंकडूनही लिहून घ्या. फोन स्पीकरवर ठेवा आणि तुम्ही शेजारी बसा. त्यांनी तोंडाने परवानगी दिली की तुमच्याशीही बोलतात. ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं नाव, वेळ आणि मिळालेला क्रमांक वहीत लिहा. काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत हाताशी असू दे.

आता "टेन्शन घेऊ नका" याबद्दल. संरक्षण म्हणजे माफी नव्हे. मीटर फिरतच असतो. नियमात अपेक्षा अशी आहे की जमेल तेवढं प्रामाणिकपणे भरत राहायचं. बजेट प्लॅनवर टाकतात, म्हणजे वर्षाच्या बिलाचे सारखे हप्ते, त्यामुळे जानेवारीचा डोंगर एकदम अंगावर येत नाही. मी दर महिन्याला साठ डॉलर भरले, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, न चुकता. हप्त्यापेक्षा कमीच होते, पण खात्यावर दिसत होते, आणि मार्चनंतर करार करताना तेच कामाला आले. ज्यांनी चार महिने काहीच भरलं नाही त्यांना १६ मार्चपासून पुन्हा नोटिसा सुरू होतात. मी कालनिर्णयवर १५ मार्चला लाल गोल केला होता.

थकबाकीसाठी हप्त्यांचा करार मागता येतो. सुरुवातीला फार तर एकूण थकबाकीच्या २५ टक्क्यांपर्यंत मागू शकतात. म्हणजे काकूंच्या बाबतीत ३१७ डॉलर ही वरची मर्यादा झाली. निम्मे भरा म्हणाले तर ऐकू नका.

आणखी काही गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत, पात्र असा वा नसा. तोडण्याआधी किमान १० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शुक्रवार, शनिवार, रविवार, सुट्टीचा दिवस आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी तोडता येत नाही, कारण मग पैसे भरायला आणि दाद मागायला ऑफिस उघडं नसतं. पुढच्या २४ तासांत पारा ३२ फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या शून्य सेल्सिअसच्या, वर जाणार नाही असा अंदाज असेल तर त्या दिवशी तोडता येत नाही. घरात कुणी आजारी असेल आणि सेवा बंद झाल्याने जिवाला धोका असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर मुदत मिळते. काकूंना दमा, बीपी असं काही आहे का? असेल तर डॉक्टरांना आजच निरोप ठेवा.

नागरिकत्वाचं. हिवाळ्यातलं हे संरक्षण म्हणजे पैशाची मदत नाही. कुणी कुणाला एक सेंट देत नाही, कंपनी आणि ग्राहक यांच्यातला तो नियम आहे. ते मागण्यात काकूंना घाबरण्यासारखं काही नाही. पैशाच्या मदतीचे अर्ज वेगळे असतात. त्याबद्दल मनात शंका असेल तर ते करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, फोरमवर विचारून ठरवू नका. पण संरक्षणाचा फोन त्यासाठी थांबवू नका. तो उद्या सकाळीच करा.

माझे वडील कराडकडे वीज मंडळात लाइनमन होते. थकबाकीदाराची लाइन सोडवायचं काम त्यांच्याकडे यायचं, आणि त्या रात्री ते नीट जेवत नसत. आई ताट वाढायची, ते भाताचा गोळा इकडून तिकडे सारत बसायचे. तिकडे लाइन तुटली की अंधार होतो, पंखा बंद पडतो. इथे जानेवारीत घर थंड पडलं की नळातलं पाणी गोठून पाइप फुटतो आणि आत माणूस गारठतं. म्हणून हा नियम आहे. काकू तो मागतायत म्हणजे हात पसरत नाहीयेत, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

राहुट_पर्थअंबॉय
रविवार, २३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

ताई, माझं चुकलं. मला खरंच वाटत होतं की सरसकट बंदी आहे. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

शिशिर_मॅसॅच्युसेट्स
रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

आमच्या राज्यातलं लिहून ठेवतो, कुणी शोधत आलं तर उपयोग होईल. आमच्याकडेही १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, पण पात्रता आर्थिक अडचण दाखवून. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल किंवा गंभीर आजारी माणूस असेल आणि आर्थिक अडचण असेल, तर वर्षभर तोडता येत नाही. घरातले सगळे मोठे ६५ च्या पुढचे असतील तर कंपनीला तोडण्यासाठी राज्याच्या खात्याची परवानगी काढावी लागते.

मात्र एक मोठं भोक आहे आणि त्यात आपली मंडळी पडलेली मी पाहिलीत. इकडे पुष्कळ जुनी घरं तेलावर तापतात. बेसमेंटमध्ये टाकी, ट्रक येऊन तेल भरून जातो. तेलाला ही बंदी लागू नाही, कारण तोडायला काही नसतंच. टाकी रिकामी झाली आणि उधारी मिळाली नाही, की संपलं. आमच्या ओळखीच्या एका घरात फेब्रुवारीत असं झालं. तेव्हा राज्याच्या इंधन मदतीतून तातडीने टाकी भरून मिळाली, पण अर्ज आधी केलेला होता म्हणून. तेव्हा तेलवाल्यांनी नोव्हेंबरातच अर्ज करून ठेवा, काटा पाव टाकीवर यायची वाट बघू नका.

आणि फर्नेस गॅसचा असो वा तेलाचा, पंखा आणि थर्मोस्टॅट विजेवर चालतो. वीज तोडली तरी हीटिंग बंदच. वीज आणि गॅस वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर दोघांनाही फोन करा.

वरचा_मजला
सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

ओव्हन कालच बंद केला. अलार्म होता, पण आत बॅटरीच नव्हती. नवी घातली, वाजतो.

कोयनाकाठ ताई, तुमचं लिहिलेलं काकूंना मोबाइलवर वाचून दाखवलं. जोडीदाराच्या मृत्यूचं कलम आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग उठून वही आणली आणि ती चार वाक्यं स्वतःच्या अक्षरात उतरवली. "पास्ड अवे" चा अर्थ मला विचारला नाही. या तीन महिन्यांत इतके फॉर्म भरले की तो शब्द पाठ झालाय, म्हणाल्या.

आज सकाळी दुकानात जायच्या आधी फोन केला. ३५ मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली. काकूंनी वाक्यं वाचली, आवाज एकदाही हलला नाही. पण ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिने विचारलं, यातली कुठली योजना आहे? आम्ही नाही म्हटलं. तर म्हणाली, मग तुम्ही पात्र नाही, आज ६३४ भरा, उरलेले तीन हप्त्यांत. मी कलमाचं बोललो तर म्हणाली, माझ्या स्क्रीनवर तसं काही नाही. वर आणखी, खातं काकूंच्या नावावर करायचं तर नव्याने उघडा आणि डिपॉझिट भरा.

काकू फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "जाऊ दे, गळ्यातलं मोडू." आता काय करू?

कोयनाकाठ
सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मोडू देऊ नका. जेवणाच्या सुट्टीतून लिहितेय, म्हणून घाईत.

पुन्हा फोन, आणि उचलणाऱ्याला पहिलं वाक्य "सुपरवायझरशी बोलायचंय". खाली बसलेल्या मुलीचा दोष नाही, तिला जी यादी दिली आहे ती ती वाचते. सुपरवायझरनेही नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका. "ठीक आहे, मी बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजकडे जाते" म्हणा आणि ठेवा. ते ट्रेंटनचं सरकारी बोर्ड, या कंपन्यांवर देखरेख त्यांची. तिथे ग्राहकांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, फोनवर आणि ऑनलाइन दोन्हीकडे तक्रार घेतात, वकील लागत नाही, फी नाही. माझं काम तिथूनच झालं. त्यांनी दाखल्याची प्रत मागवून घेतली, आणि दोन दिवसांनी कंपनीकडून मलाच फोन आला, आवाजही वेगळा होता.

तक्रारीत तीनच गोष्टी लिहा: नवरा अमुक तारखेला वारला, नोटीस ३ डिसेंबरची आहे, मी हाताबाहेरच्या कारणाच्या कलमाखाली संरक्षण मागितलं आणि कंपनीने नाकारलं. फोनची वेळ आणि त्या मुलीचं नाव घाला. २५ टक्क्यांच्या ऐवजी निम्मे मागितले हेही लिहा.

खात्याचं नाव बदलायची घाई करू नका. मी आधी संरक्षणाची नोंद करून घेतली, नाव बदलणं मागाहून केलं. दोन्ही एकदम काढलं की ते डिपॉझिटवर गाडी नेतात.

आणि गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार-रविवार, कुणी तोडायला येऊ शकत नाही. पण याच दिवसांत खोटे फोन फार येतात: "अर्ध्या तासात तोडतोय, गिफ्ट कार्डने पैसे भरा." खरी कंपनी गिफ्ट कार्ड मागत नाही. काकूंना बजावून ठेवा, त्या एकट्या असतात.

तलावाकाठी_मिशिगन
सोमवार, २४ नोव्हेंबर, रात्री ९:२५

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या राज्यात बे सिटी नावाचं गाव आहे. जानेवारी २००९ मध्ये तिथे ९३ वर्षांचे एक आजोबा, दुसऱ्या महायुद्धात लढलेले, स्वतःच्या घरात थंडीने गोठून गेले. बिल थकलं म्हणून वीज कंपनीने त्यांच्या मीटरला मर्यादा घालणारं यंत्र लावलं होतं. ठरावीक मर्यादेपलीकडे वीज ओढली की ते पुरवठा बंद पाडतं आणि बाहेर जाऊन हाताने पुन्हा चालू करावं लागतं. शेजाऱ्यांना ते सापडले तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिलं पडली होती आणि त्यांना पैसे लावून ठेवलेले होते. माणसाची ऐपत होती. वय झालं होतं, लक्षात राहत नव्हतं, आणि दार वाजवून विचारणारं कुणी नव्हतं.

ती वीज गावाच्या पालिकेची होती आणि राज्याचे थंडीतले नियम तेव्हा पालिकेच्या विजेला लागू नव्हते. त्यानंतर कायदे बदलले. आमच्याकडे आता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च कमी उत्पन्नाच्या आणि ६५ वर्षांवरच्या ग्राहकांसाठी संरक्षण आहे. तुमची वीज पालिकेची आहे की कंपनीची, हे बिलाच्या डोक्यावर बघून घ्या. नियम वेगळे असू शकतात.

ज्यांचे आईवडील दुसऱ्या राज्यात एकटे राहतात त्यांना एकच विनंती. तोडायच्या नोटिशीची दुसरी प्रत आणखी एका माणसाला पाठवायची सोय बहुतेक कंपन्या देतात. त्यात स्वतःचं नाव घाला. त्याने बिलाची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, फक्त कळतं. मी माझ्या सासूबाईंच्या खात्यावर घातलंय.

वरचा_मजला
मंगळवार, २५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सुपरवायझरने "वर विचारून कळवतो" म्हटलं. आम्ही थांबलो नाही, काल रात्रीच बोर्डाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. लिहायला बायको बसली, काकू शेजारी. तारीख लिहायची वेळ आली तेव्हा काकूंनी स्वतः टाइप केली.

कोयनाकाठ
मंगळवार, २५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

छान केलंत. आता वाट बघत बसू नका, दुसरी बाजू सुरू करा. घर तापवायच्या मदतीचा अर्ज, त्याला सगळे लाइहीप म्हणतात. पैसा केंद्राचा, १९८१ पासून चालू आहे. न्यू जर्सीत एकाच अर्जात लाइहीप आणि युनिव्हर्सल सर्व्हिस फंड दोन्ही तपासतात. आठवड्याला २४ तासांच्या पगारात एकटी बाई उत्पन्नाच्या मर्यादेत बसेल असं मला वाटतं. ग्रीनकार्ड असलेल्यांना अर्ज करता येतो, एचवनवर असलेल्यांना मात्र लाइहीप मिळत नाही. युनिव्हर्सल सर्व्हिस फंडात पहिल्यांदाच आलेल्या माणसाने वर्षभर हप्ते वेळेवर भरले तर जुनी थकबाकी माफ व्हायची सोय आहे, तिला फ्रेश स्टार्ट म्हणतात. काकूंच्या १२६८ चं खरं उत्तर तिथे आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी सगळे ९४० फेडले, एकवीस महिने लागले.

वकिलाला विचारून मगच करा म्हटलं होतं ते या अर्जाबद्दल. विचारलंत का?

वरचा_मजला
शुक्रवार, १२ डिसेंबर, रात्री ८:१५

उशिराने लिहितोय, माफ करा. सविस्तर सांगतो.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बोर्डातून फोन आला. काकांच्या दाखल्याची प्रत आणि काकूंच्या पगाराच्या दोन पावत्या मागितल्या, मी त्या ऑफिसातून स्कॅन करून पाठवल्या. २ डिसेंबरला, म्हणजे नोटिशीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, कंपनीचा फोन काकूंना आला. त्या दुकानात होत्या, हाताला बेसन. मालकीणबाईंनी फोन कानाला धरला. खात्यावर संरक्षणाची नोंद झाली, १५ मार्चपर्यंत. बजेट प्लॅन महिना १४२ चा लावलाय. काकूंनी सांगितलं, डिसेंबरात एवढे जमणार नाहीत, ८० भरते. तो हो म्हणाला.

३ तारखेला काकू दिवसभर कामावर गेल्या नाहीत. खात्री झाली होती तरी खिडकीपाशी बसून रस्त्यावर कंपनीची गाडी येते का बघत होत्या. चार वाजता माझ्या बायकोला फोन केला, "कुणी नाही आलं गं." मग खाली जाऊन तिने थर्मोस्टॅट ६६ वर केला. बेसमेंटमध्ये फर्नेस लागल्याचा आवाज आमच्या मजल्यावरही येतो, धप्प करून. यंदा तो पहिल्यांदाच संध्याकाळी आला.

८० डॉलर त्यांनी त्याच आठवड्यात भरले. पावती पिठाच्या डब्याखाली नाही, फ्रिजवर लावली आहे. नोटिशीच्या दुसऱ्या प्रतीसाठी माझं नाव घातलंय, मिशिगनवाले दादा, धन्यवाद.

वकिलांशी बोलणं झालं, मंडळाच्या ओळखीतून. काकूंची कागदपत्रं बघून त्यांनी लाइहीपचा अर्ज करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. काकू दोन दिवस गप्प होत्या, मग काल म्हणाल्या, "ते कलम होतं ना, तसंच हेही लिहिलेलंच असेल ना कुठेतरी? मग चल." सोमवारी सुट्टी घेऊन त्यांना घेऊन जातोय. पगाराच्या पावत्या, सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीनकार्ड आणि बिल एवढं एका पिशवीत घातलंय. भाडेकरार काकांच्या नावावर आहे, सही काकांची. तो चालेल का?

कोयनाकाठ
शुक्रवार, १२ डिसेंबर, रात्री ९:००

माझाही मिस्टरांच्याच नावावर होता. करार, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि घरमालकाचं दोन ओळींचं पत्र की आता या राहतात आणि एवढं भाडं देतात. माझ्या वेळी तेवढं चाललं. मालकाकडून शनिवारीच लिहून घ्या, सोमवारी सकाळी तो फोन उचलायचा नाही. दाखला मूळ नेऊ नका, प्रतीच न्या, दोन जास्तीच्या. आणि काकूंना जाताना जेवून जायला सांगा, रांग मोठी असते.